तोड द्यायची, पण किती? खाजगी जंगलमालकांचे प्रश्न आणि उत्तरे

कोकणातले जंगल म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वनखाते येते. प्रत्यक्षात रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जंगल अगदीच थोडे आहे. उरलेली हिरवाई चार-पाच एकरांपासून तीस-चाळीस एकरांपर्यंतच्या खाजगी तुकड्यांत विखुरलेली असून तिचे भवितव्य सातबाऱ्यावरील नावे ठरवतात. अशा मालकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून लेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित सहा एकर जंगल आहे. आम्ही तिघे भाऊ डोंबिवली-ठाण्याकडे असतो. बारा वर्षांपूर्वी वडिलांनी तोड दिली होती. आता एका ठेकेदाराने संपूर्ण जंगल उक्ते मागितले आहे. दोघा भावांना पैसे हवेत, मला झाडे राहावीत असे वाटते. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो वनशास्त्राला नवा नाही. मात्र त्यासाठी ठेकेदाराच्या आधी आपण जंगलात गेले पाहिजे.

दर दहा-बारा वर्षांनी सरसकट तोड दिली तरी जंगल परत येते, असा आपल्याकडे समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ऐन, किंजळ, नाना ही झाडे तोडल्यावर बुंध्यापासून जोमाने फुटतात, त्यामुळे तीन-चार पावसाळ्यांत डोंगर पुन्हा हिरवा दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. पण जी झाडे प्रामुख्याने बियांवरून वाढतात त्यांना फळ धरण्याइतके वयच मिळत नाही. तुमच्या जंगलात आज किती जातींची झाडे आहेत आणि वडिलांच्या लहानपणी किती होती, हे गावातल्या एखाद्या वृद्धाला विचारून पाहा; बेहडा, बिवळा, शिवण, रानजायफळ ही नावे ‘पूर्वी होती’ या यादीत निघण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय फुटणाऱ्या झाडांचे बुंधेही कायमचे तरुण राहत नाहीत. त्याच खुंटावर पुन्हा पुन्हा घाव पडला की फुटवे बारीक आणि वाकडे येऊ लागतात, आणि अखेरीस खुंट कुजतो. त्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस उघड्या उतारावरची माती दोन पावसाळ्यांत धुऊन नेतो, ते वेगळेच.

म्हणून ‘काय तोडायचे’ याआधी ‘काय ठेवायचे’ हे ठरवा. एक दिवस काढून, गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन जंगलभर फिरा आणि ठेवायच्या झाडांवर छातीच्या उंचीला पट्टा ओढा. बुंध्याशीही एक खूण करा, म्हणजे झाड गेल्यावर खुंट साक्ष देईल. पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची निदान पंधरा-पंधरा मीटरांची पट्टी पूर्ण सोडा. तेथील झाडे गेली की एप्रिल-मेमध्ये खालच्या वाडीचे पाणी आटते आणि मग दोष टँकरवाल्याला जातो. चढता-उतरताना हात टेकावे लागतात अशा कड्याच्या भागाला हात लावू नका. प्रत्येक जातीची चांगली, सरळ, फळ धरणारी झाडे बियांसाठी राखा. उंबर, नांदुर्की, पायर यांच्या लाकडाला ठेकेदार किंमत देत नाही, म्हणजे ती ठेवण्यात तुमचे काहीच जात नाही. पाखरे मात्र त्यांच्याच जिवावर जगतात. ढोली असलेला जुना बेहडा किंवा आंबा दिसला तर तो बिनशर्त राखावा. धनेश, ज्याला आपल्याकडे ककणेर म्हणतात, तो अशाच मोठ्या नैसर्गिक ढोलीत घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फळे आणून भरवतो. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. शंभर वर्षांचे झाड गेले की ती जागा गेलीच. मोठ्या फळांच्या बिया डोंगरभर पेरण्याचे काम हाच पक्षी करतो, त्यामुळे त्याला राखण्यात निव्वळ भूतदया नाही. एवढे सगळे सोडूनही एकरी पंधरा-वीस मोठी झाडे समान अंतराने उभी राहतील, असा माझा आग्रह राहील.

उरलेल्या भागाचे पाच तुकडे पाडा. वनखात्याच्या भाषेत यांना कूप म्हणतात. दर चार वर्षांनी एक कूप तोडला तर पहिल्या कुपाची पाळी वीस वर्षांनी पुन्हा येते, आणि सहा एकरांपैकी पाच एकरांच्या आसपास जंगल कोणत्याही क्षणी उभेच असते. बारा वर्षांचा ऐन जळाऊ लाकूड म्हणून टनावर जातो; तोच सरळ सोट आणखी वाढू दिला तर इमारती लाकूड म्हणून घनफुटावर जातो, आणि या दोन दरांतला फरक कोणत्याही वखारीत विचारून कळेल. अर्थात पहिल्या वर्षी हातात येणारी रक्कम उक्त्या व्यवहारापेक्षा बरीच कमी असेल, हे भावांना आधीच स्पष्ट सांगा. नंतर सांगितल्यास ते भांडण जंगलाचे न राहता घराचे होते.

तोडीची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. गेल्या तोडीतला एखादा खुंट वाकून पाहा. ठेकेदाराच्या माणसाने उभ्याने कटर चालवला असेल तर खुंट गुडघाभर उंच राहिलेला दिसतो, एका बाजूची साल फाटून खाली सोलवटलेली असते, माथ्यावर खळगा पडून त्यात पाणी साचलेले असते, आणि फुटवे जमिनीपासून दोन हात उंचावर कुजक्या लाकडावर तरंगत असतात. असे फुटवे पहिल्या वादळात मोडतात. खुंट जमिनीपासून वीतभरच असावा, काप गुळगुळीत आणि एका बाजूला उतरता असावा, म्हणजे पाणी निथळते आणि फुटवा जमिनीलगत येऊन स्वतःची मुळे धरतो. तोड डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, झाड सुस्त असताना करावी. पावसाळ्यात कधीही करू नये. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावरच्या दहा-बारा फुटव्यांपैकी सरळ आणि जोमदार असे एक-दोन ठेवून बाकीचे काढावेत. हे काम कोणी करत नाही, आणि वीस वर्षांनंतरच्या लाकडाचा दर याच दोन दिवसांच्या कामावर ठरतो. तोडलेल्या कुपात पहिली दोन वर्षे मोकाट गुरे आणि शेळ्या येऊ देऊ नका. फांद्यांचा गड्डा बांधाला रचला तरी पुष्कळ आडकाठी होते.

ठेकेदाराशी करार लेखी असावा आणि त्यात कोणता कूप, रंगवलेली किती झाडे राहणार, त्यातले एक जरी पडले तर काय दंड, ओंडके ओढण्याची वाट कोठून, जेसीबी आत आणायचा की नाही, हे सर्व यावे. थोडी रक्कम अनामत म्हणून आपल्याकडे राहू द्यावी. असा करार मान्य नसलेला ठेकेदार निघून गेला तर जाऊ द्या.

प्रश्न : घराच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या जागेतील ऐनाची दोन झाडे तोडायची आहेत. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘खाजगी वन’ असा शेरा आहे. आमची जमीन असताना परवानगी कशासाठी? (लांजा)

येथे दोन वेगळे कायदे एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सुटे करू.

पहिला, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, चिंच, मोह, बिजा अशी झाडे आहेत. ही झाडे स्वतःच्या जमिनीत असली आणि स्वतःच्याच घरासाठी हवी असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडलेला माल रस्त्यावरून नेताना वाहतूक पासही लागतो. सातबारा, आठ-अ, नकाशा, झाडांची यादी आणि सर्व सहहिस्सेदारांची संमती अशी कागदपत्रे घेऊन परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करावा. बहुतेक अर्ज रखडतात ते सहहिस्सेदारांच्या संमतीपाशी, कारण सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची चौदा नावे असतात आणि त्यातली निम्मी माणसे हयात नसतात. वारस नोंदी आधी पुऱ्या करून घ्याव्यात.

दुसरा, महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५. ३० ऑगस्ट १९७५ रोजी हा कायदा अमलात आला आणि खाजगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. पुढे त्यात कलम २२-अ आले, आणि ज्या मालकाची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा कमी होती किंवा संपादनामुळे तितकी कमी झाली, त्याला त्या मर्यादेपर्यंत वन परत देण्याची तरतूद झाली. तुमच्या सातबाऱ्यावरील शेऱ्याचे मूळ येथे आहे. म्हणून पहिले काम असे की, तलाठ्याकडून तो शेरा ज्या फेरफारान्वये पडला त्याचा क्रमांक घ्या आणि फेरफाराची नक्कल काढा. चौकशी होऊन जमीन परत दिल्याचा आदेश झाला होता का, हे त्यावरून उलगडत जाईल. जमीन ‘खाजगी वन’ ठरण्याला आधार झालेली जुनी नोटीस मालकाला बजावलीच गेली नव्हती, असेही काही प्रकरणांत निघते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात नोटीस प्रत्यक्ष बजावली जाण्याला महत्त्व दिले आहे. तुमच्या प्रकरणाला तो निर्णय लागू पडतो की नाही, हे मात्र कागद पाहून वकीलच सांगू शकेल.

जमीन परत मिळालेली असली तरी तेथे घर, खाण किंवा प्लॉट पाडण्याचा विचार असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने ‘वन’ हा शब्द मालकी न पाहता शब्दकोशातील अर्थाने घ्यायला सांगितले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वाचकांनी तेथील वृक्षतोडीबाबतचे उच्च न्यायालयाचे आदेशही पाहावेत.

तुम्ही विचारलेल्या दोन झाडांसाठी हे सगळे जड वाटेल, आणि ते आहेच. छोट्या मालकाला दोन झाडांसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा आणि मोठ्या ठेकेदाराला शंभर झाडांसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा सारख्याच असतील, तर छोटा मालक अखेर ठेकेदाराच्याच दारात जातो. नियम बदलेपर्यंत एक व्यवहार्य सूचना करतो: पुढील पाच वर्षांत लागणारी झाडे एकाच यादीत घालून, टप्प्याटप्प्याने तोडीची योजना जोडून, एकच अर्ज करा. काय ठेवणार आहात याचा उल्लेख असलेला अर्ज पाहणीला आलेल्या वनपालालाही समजायला सोपा जातो.

प्रश्न : दरवर्षी शिमग्याच्या सुमारास शेजारच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) वणवा येतो आणि आमच्या जंगलाची खालची बाजू जळते. जळल्यानंतर रानमोडी इतकी माजते की आत शिरता येत नाही. काय करावे? (दापोली)

रानमोडी हे झपाट्याने पसरणारे झुडूपवजा तण आणि वणवा ही जोडगोळी आहे. आगीने मोकळ्या झालेल्या उजेडात रानमोडी भरते, उन्हाळ्यात तिच्या काटक्या वाळून पुढच्या आगीला इंधन देतात, आणि दरवर्षी आगीची झळ थोडी आत सरकते. त्यामुळे एकटी रानमोडी कापून उपयोग नाही.

डिसेंबरअखेर, गवत पूर्ण वाळण्यापूर्वी, सड्याच्या बाजूने चार-पाच मीटर रुंदीचा जाळपट्टा काढा. गवत कापून आतल्या बाजूला न टाकता बाहेर न्या आणि पडलेला पाला ओढून जमीन उघडी करा. कोकणात पानगळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू राहते, म्हणून पट्टा एकदा काढून भागत नाही. निदान दोनदा पुन्हा झाडावा लागतो. पट्टा जाळून काढायचा असेल तर तो पहाटे, वारा पडलेला असताना, माणसे आणि हिरव्या डहाळ्या हाताशी ठेवूनच जाळावा. दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर काडी ओढणाऱ्याला शहाणे म्हणता येणार नाही.

रानमोडी फुले येण्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुळासकट उपटा. त्या वेळी जमीन ओली असते आणि मूळ सहज येते. जानेवारीत कापली तर बी आधीच वाऱ्यावर गेलेले असते आणि खुंटातून नवे फुटवे येतात. उपटलेल्या जागी लगेच सावली धरणारे काही तरी हवे. करवंद आणि कुडा आपोआप येत असतील तर त्यांना झुडुपे समजून साफ करू नका.

सड्याला आग लावणाऱ्याशी भांडणही करावे लागेल, पण आधी कारण विचारा. बहुधा ‘जळल्यावर गवत चांगले येते’ हेच उत्तर मिळेल. गुरे पाळणाऱ्या त्या माणसाला तुमच्या पट्ट्यातले कापलेले गवत फुकट नेऊ दिले, तर पट्टा काढण्याची निम्मी मजुरी वाचते आणि तो राखणदारही होतो.

प्रश्न : जंगल साफ करून काजू लावावा असा घरच्यांचा आग्रह आहे. आमचे आठ एकर जंगल काहीच उत्पन्न देत नाही. (राजापूर)

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या अनुदानाने कोकणात काजू-आंब्याचे क्षेत्र वाढले आणि पुष्कळ घरांना त्याने हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. मोकळे माळ आणि वरकस जमिनी असताना मात्र उभे जंगल जेसीबीने खरवडून कलमे लावणे मला पटत नाही. जेसीबी झाडांबरोबर वीतभर सुपीक मातीही ढकलून देतो आणि मग त्याच खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरावी लागते. पहिली काही वर्षे फवारणी, पाणी आणि राखण यांचा खर्च चालू असतो, आणि मुंबईत राहणाऱ्या मालकाची बाग रानमोडीने भरलेली मी वारंवार पाहिली आहे.

आठ एकरांत तुटकी, उघडी पडलेली जागा एक-दोन एकर तरी असेल. काजू तेवढ्यातच लावा. उभ्या झाडांखाली रातांबा, म्हणजे कोकम, लावा, कारण तो सावली सोसतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये दिलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीची कलमे मिळतात. बियांपासूनच्या रोपांत नर झाडे बरीच निघतात, म्हणून कलमेच घ्यावीत. पण रानात आधीपासून असलेली नर झाडे ‘फळ देत नाहीत’ म्हणून सरसकट तोडू नयेत, मादी झाडांना परागासाठी त्यांची गरज असते. मजबूत बुंध्यांवर काळी मिरी चढवता येते. बांधालगत माणगा बांबू लावा. भारतीय वन अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला असल्यामुळे शेतातला बांबू तोडणे आणि नेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. बेटातून तीन वर्षांपुढचीच काठी काढावी, कोवळे कोंब आणि त्यांना आधार देणाऱ्या काठ्या राखाव्यात, आणि पावसाळ्यात तोड करू नये.

प्रश्न : झाड न तोडता जंगलातून नियमित पैसा मिळतो असे ऐकले. आमच्याकडे बेहड्याची सात-आठ मोठी झाडे आहेत. त्यांचे काय करता येईल? (संगमेश्वर)

बेहडा हा त्रिफळ्याचा एक तृतीयांश भाग आहे आणि औषधी कंपन्यांना तो सतत लागतो. तरीही आपल्याकडे बेहड्याची किंमत त्याच्या फळावर न होता खोक्यांच्या फळ्यांवर झाली, ही खेदाची गोष्ट आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने तुमच्याच तालुक्यात खाजगी मालकांशी जंगल राखण्याचे करार केले आहेत. भीमाशंकर परिसरातील हिरडा-बेहड्याला याच संस्थेच्या प्रयत्नांतून फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळाले. रानातून गोळा केलेला माल झाडाला आणि गोळा करणाऱ्याला न ओरबाडता आला आहे, याची ती हमी असते आणि त्यामुळे चांगला दर देणारे खरेदीदार मिळतात.

प्रमाणपत्र असो वा नसो, पद्धत तीच आहे. फळ पिकून जमिनीवर पडलेलेच उचलावे, फांद्या झोडपू नयेत किंवा छाटू नयेत. झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी, म्हणजे गेल्या वर्षीची किडकी फळे मिसळत नाहीत. निदान पाव हिस्सा फळ जागेवर राहू द्यावे. वाळवण ताडपत्रीवर करावे, मातीवर करू नये, आणि फळ हातात हलवल्यावर आतली बी खुळखुळेपर्यंत पोत्यात भरू नये. ओलसर माल पोत्यात बुरसतो आणि व्यापारी तेवढ्यावरून पूर्ण लॉटचा दर पाडतो. सात-आठ झाडांचा माल एकट्याने विकायला गेलात तर गाडीभाडेही सुटणार नाही. वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून, बचत गटामार्फत का होईना, एकाच जागी माल जमवावा. हे उत्पन्न तोडीच्या रकमेशी तोलू नका. तोड बारा वर्षांतून एकदा येते, फळ बहुतेक वर्षी येते, आणि बेहडा उभा राहिल्यास ते नातवंडांनाही मिळते.

प्रश्न : कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो असे सांगून एक एजंट तीस वर्षांच्या करारावर सह्या मागत आहे. आमचे जंगल पाच एकर आहे. (कणकवली)

कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन साठवून ठेवण्याच्या बदल्यात मिळणारे आणि विकता येणारे श्रेय, हा खरा व्यवहार आहे, पण पाच एकरांचा एकटा मालक त्याच्या मोजणीचा आणि पडताळणीचा खर्च पेलू शकत नाही. असे प्रकल्प शेकडो मालकांना एकत्र करूनच उभे राहतात. शिवाय जे जंगल तसेही उभे राहिले असते त्यासाठी क्रेडिट मिळत नाही. प्रकल्पामुळे जादा काय झाले, हे दाखवावे लागते. एजंटाला चार गोष्टी लेखी मागा: प्रकल्पाची नोंदणी कोणत्या नोंदवहीत आणि कोणत्या क्रमांकाने झाली आहे, मालकाला विक्रीच्या किती टक्के मिळणार, वणवा लागला तर जबाबदारी कोणाची, आणि तीस वर्षांत तुम्हाला स्वतःच्या वापरासाठी लाकूड काढता येईल का. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर तो स्वतः इंटरनेटवर तपासा, करार मराठीत मागा, आणि सातबाऱ्यावर कसलाही बोजा चढणार नाही हे वकिलाकडून वाचून घ्या. हे होईपर्यंत सही तर नाहीच, पण सातबाऱ्याची आणि आधार कार्डाची प्रतही देऊ नका.